मंडळाच्या पोरांनो, परड्याला फ्लेक्स नको, निर्माल्य द्या

आमच्या कॉलनीतल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि रात्री दोन वाजता कमानीवर चढून लायटिंगच्या माळा बांधणारी सगळी पोरंपोरी यांना,

स.न.वि.वि.

परवा ग्रुपवर तुमचा मेसेज वाचला. यंदा मंडळाचा सामाजिक उपक्रम म्हणून कोपऱ्यावरच्या आजींच्या परड्यातली, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतली, भाजीची बाग तुम्ही दत्तक घेणार, उद्घाटनाला पाहुणे बोलावणार, सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, गेटवर मोठा फ्लेक्स आणि मंडळातर्फे काही रोख रक्कम. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कोल्हापुरात मंडळानं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होते, हे 2019 ला आणि परत 2021 ला महापुरात आपण सगळ्यांनी बघितलंय, पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गल्लीत आली तेव्हा माणसं बाहेर काढायला आणि जेवणाची पाकिटं पोचवायला मंडळांची, तालमींची पोरंच कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. म्हणूनच तुम्हाला लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा मिनिटांत गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गेलं असतं, आणि दुसऱ्या मंडळांनी पण हे वाचलं तर चांगलंच, म्हणून उघड पत्र.

बागेत राबणारे आम्ही सगळे बसून बोललो आणि ठरलं असं की तुम्ही द्यायला निघालाय त्यातलं आम्हाला जवळजवळ काहीच नको, पण तुमच्याकडं दुसरं जे आहे, ज्याला तुम्ही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कचरा म्हणता, ते सगळं पाहिजे. आणि तुम्ही पाहिजे. पण उद्घाटनाला नाही, एप्रिल-मे मध्ये.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी परडं फक्त बोळातून बघितलंय, आणि "आजींच्या मागं कचरा पुरतात ही लोकं" असं पण कानावर आलंय, तर आधी ते एकदा नीट सांगते. परड्यात पूर्वी काय होतं तुम्हाला माहितीच आहे, शेजारच्या बांधकामाचा राडारोडा, छातीएवढं गाजरगवत, हरळी, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी जुनी कमोड. खणायला घेतलं तर कुदळ दगडावरच आपटायची. मग खणायचा नादच सोडला. गवत तिथंच कापून तिथंच आडवं केलं, भरपूर पाणी मारलं आणि त्याच्यावर खोक्याचे पुठ्ठे अंथरले, टेप आणि पिना काढून, एकावर एक वीतभर चढवून, फट राहिली की तिथनं गवत डोकं काढतंच. पुठ्ठ्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. त्याच्यावर उसाचं पाचट, चांगलं अर्धा फूट. मग हिरवा थर म्हणजे गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला आणि घरोघरची भाजीची देठं-सालं. मग थोडी माती आणि शेणखत, मग परत पाचट, परत हिरवं, असं करत दीड-दोन फुटांचे वाफे उभे राहिले. बघायला लई उंच दिसतात, पण आतलं कुजत जातं तसं काही महिन्यात निम्म्यावर बसतात आणि खाली पुठ्ठ्याच्या जागी काळी भुसभुशीत माती आणि गांडुळं. बांधकामाच्या राडारोड्यावर गांडूळ आलंय हे बघायला एकदा तरी या.

हे आम्ही काही शोधून काढलेलं नाही हं. आपल्याच कोल्हापुरात प्रा. श्रीपाद दाभोलकर होते, गणिताचे प्राध्यापक, नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ, त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, साध्या शेतकऱ्यानं स्वतःच्या वावरात स्वतः प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, राज्यभरातल्या द्राक्षबागायतदारांनी त्यातनं केवढं काय केलं. त्यांच्याच वाटेनं पुढं गेलेल्या दीपक सचदेंनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी अमृत मातीची पद्धत शिकवली, ती पण थरांचीच. आम्ही पाचट भिजवायला त्यांचंच अमृत जल वापरतो. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी, तीन दिवस रोज ढवळायचं आणि चौथ्या दिवशी 100 लिटर पाण्यात मिसळायचं. गुळाच्या गावात गुळाची काय कमी, गुऱ्हाळावरचा काळपट गूळ यासाठी उलट जास्त चांगला. शेण मात्र मिळत नाही! म्हशींच्या गावात राहतो आपण, रोज सकाळी कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला रांग, पण शेणाची एक पाटी मागितली की गोठेवाले असं बघतात की जणू म्हैसच मागितली.

हे झाले जमिनीतले थर. वरती दुसरे थर आहेत. मागच्या कुंपणाला शेवगा आणि पपई, शेवगा खांद्यावर आला की छाटायचा नाहीतर सगळ्यांची सावली करून बसतो. त्याच्या पुढं कढीपत्ता आणि तुरीची झाडं. मग वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी. त्यांच्या पायाशी मेथी, कोथिंबीर, लाल माठ, पालक. जमिनीच्या पोटात हळद, आलं, रताळी. मोरीचं पाणी जातं तिथं केळ आणि अळू, आजींनी हे आधीपासूनच लावलेलं, त्यांना आम्ही काय शिकवणार. आणि मधे मधे झेंडू, कारण झेंडूच्या मुळांमुळं मातीतले सूत्रकृमी कमी होतात, वांग्या-टोमॅटोच्या मुळांना गाठी आणतात ते. एवढ्याशा जागेत एवढं बसतं कारण एकाला ऊन लागतं तर दुसऱ्याला सावली चालते, एकाची मुळं खोल तर दुसऱ्याची वर. फक्त एक, वाफा नवा असताना त्यात मुळा-गाजर लावायचं नाही, आतलं कुजलेलं नसतं, गाजराला तीन-तीन पाय फुटतात. पहिल्या वर्षी रोपंच लावायची, वांगी-मिरची-कोबी, दोन मुठी चांगली माती घालून त्यात. लोकांना पहिल्याच महिन्यात गाजर पाहिजे असतं, तो भाग वेगळा.

तर आता मुद्द्याचं. परड्याचा निम्मा भाग अजून तसाच आहे, गवत आणि दगड. तो करायचा म्हणजे थरांना माल लागतो, आणि थरांचं गणित असं की हिरवं-ओलं एक बादली असेल तर कोरडं दोन-तीन बादल्या पाहिजे, नाहीतर वास सुटतो, अळ्या होतात आणि मग शेजारचे लोक भांडायला येतात, बरोबरच आहे त्यांचं. कोरडं आमच्याकडं आहे, पाचट गावाकडनं येतं. ओलं-हिरवं कमी पडतं. आणि तुमच्याकडं दहा दिवस ते ढिगानं असतं.

निर्माल्य. रोजचे हार, पत्री, जास्वंद, झेंडू, केवडा, नारळाच्या शेंड्या. शिवाय घरगुती गणपतींचं, तुम्ही कॉलनीच्या कोपऱ्यावर विसर्जनाला पाण्यानं भरलेली मोठी काहील ठेवता तिथं जमतं ते. मोठ्या मूर्ती आता इराणी खणीत, त्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात, जातात, नदीत निर्माल्य टाकायचं नाही हे बहुतेकांच्या अंगवळणी पडलंय, महापालिकेची गाडी येऊन घेऊन जाते, सगळं चांगलंच आहे. पण जे निर्माल्य गाडीत चढवून शहराबाहेर न्यायचं ते दोनशे पावलांवर आजींच्या परड्यात का नको? डिझेल तरी वाचेल.

पण ते वेगळं केलेलं पाहिजे, आणि इथं मी जरा कटकट करणार आहे. हारातला दोरा बघा, आता बहुतेक हार नायलॉनच्या दोऱ्यात असतात, तो वाफ्यात गेला की वर्षभर खुरप्याला गुंडाळतो. जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची फुलं, उदबत्तीची पाकिटं, कापराच्या पुड्या, काही नको. कापसाची वस्त्रं चालतात, ती कुजतात. गुलाल लागलेलं काहीही नको, त्यात कुठला रंग असतो कुणाला माहिती आणि आपण त्यातली मेथी खाणार. शाडूची मूर्ती घरात बादलीत विरघळवली असेल तर ती माती थोडी थोडी चालेल, फार झाली तर वाफा चिकट होतो. प्लास्टरची कुठलीच मूर्ती किंवा तुकडा इकडं आणायचा नाही, त्याचं जे काय करायचं ते रीतीनं तुम्हीच करा.

आणि दूर्वा. ही गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दूर्वा म्हणजे हरळीच की. ज्या हरळीला मारायला आम्ही पुठ्ठे अंथरले तीच बाप्पाच्या पायाशी एकवीस-एकवीसच्या जुड्या करून येते, आणि ओली असताना वाफ्यात गेली तर तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. म्हणून दूर्वा वेगळ्या काढा, स्लॅबवर आठ-दहा दिवस कडकडीत वाळवा आणि मग द्या. याला एक माणूस नेमाच, लहान पोरं नेमा, त्यांना हे काम आवडतं.

तुमच्या एका ज्येष्ठ सल्लागारांनी विचारलंय की निर्माल्य पायदळी येणार, ते कसं चालेल. प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण वाफ्यावर कुणी पाय ठेवतच नाही. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही, म्हणून चालायला वेगळी वाट ठेवलीय विटांची, वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढीच रुंदी ठेवलीय, आणि आजी स्वतः काठी घेऊन लक्ष ठेवतात. निर्माल्य मधल्या थरात जातं, वर माती आणि पाचट. रस्त्याकडेच्या कुंडातनं ओसंडून वाहत असतं आणि कुत्री ओढत असतात, त्यापेक्षा हे किती तरी नीट. काकांना म्हणावं एकदा येऊन बघा, चहा आमच्याकडं.

मग महाप्रसाद. शिजवलेलं अन्न नको, एक पळी पण नको, तेला-मसाल्याचं वाफ्यात गेलं की उंदीर आणि घुशी येतात. पण आदल्या दिवशी भाज्या चिरता तेव्हा कोबीचा बाहेरचा पाला, फ्लॉवरची देठं, वाटाण्याची टरफलं, केळीची सालं अशी पोत्यांनी निघतात, ती पोती आम्हाला. आचाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर तो सगळं एकाच पिंपात कोंबतो, त्यात प्लास्टिकचे ग्लास पण. पत्रावळ्या खऱ्या पानांच्या असतील तर द्या, आतनं चकाकणारा कागद असेल तर ठेवा तुमच्याकडं.

कळक, म्हणजे बांबू, आहेत का तुमच्या गोडाऊनमध्ये? मांडव कॉन्ट्रॅक्टरचा असतो माहितीये, त्याचे नाही मागत, पण मंडळाचे स्वतःचे जुने तुटके असतील तर दोडक्या-कारल्याला मांडव घालायला दहा-बारा पाहिजेत. आणि खोकी, डेकोरेशनच्या सामानाची, मूर्तीच्या पॅकिंगची, साउंडवाल्याची. रंगीत चकचकीत छपाईची नको, साधी खाकी. पुठ्ठा घराच्या भिंतीपासून दोन फूट लांबच ठेवतो आम्ही, वाळवीची भीती असते, आजींच्या मागच्या दाराला जुनं लाकूड आहे.

आता नको असलेलं. फ्लेक्स नको. कुणीतरी म्हणालं की फ्लेक्स जुना झाल्यावर वाफ्यावर झाकायला होईल, नाही होत, उन्हात त्याचे तुकडे पडतात आणि ते तुकडे निवडत बसायला आमच्याकडं माणसं नाहीत. पाहुणे नकोत, कारण पाहुणे आले की खुर्च्या येतात, खुर्च्या आल्या की गर्दी येते आणि गर्दी फोटो काढायला बरोब्बर वाफ्यावर चढते. हिरवे टी-शर्ट तुमच्या हौसेनं करा, त्याला माझी ना नाही, पण परड्यात येताना जुने घाला. पैशाचं म्हणाल तर आजींच्या नळाला एक लांब पाइप आणि दोन चांगली खुरपी एवढंच घ्यायचं राहिलंय, ते तुम्हीच दुकानातनं आणून द्या, रोख नको, रोख आली की हिशेब आला आणि हिशेब आला की आपल्याकडं काय होतं ते तुमच्या खजिनदारांना विचारा.

लिलावाचं वाचून मात्र हसू आलं. पहिल्या दोडक्याचा सवाल काढणार म्हणे, प्रसादाच्या नारळासारखा. काढा की! पण बोली पैशात नाही, शेणाच्या पाट्यांत लावायची. जो जास्तीत जास्त पाट्या आणून टाकेल त्याला दोडका. बघू कोण किती भारी ते.

भाजी कुणाला मिळते हे पण बरेच जण विचारतात, दबक्या आवाजात. साधं आहे. पहिली आजींना, जागा त्यांची आहे. त्या दिवशी जो हात घालतो तो एक जुडी घेऊन जातो. उरलेलं आजींच्या गेटवरच्या टोपलीत, येणारा-जाणारा कुणीही न्यावं. विकत नाही. त्यावर आमच्यातच वाद आहे, एकजण म्हणतात विकून बियाणं आणावं, मला ते पटत नाही, एकदा विकायला लागलं की मग फक्त विकतं तेच लावलं जातं आणि अळू-माठ-रताळी गेली. पण वाद चालू आहे, तुम्ही आलात की तुमची पण बाजू ऐकू.

शेवटचं, आणि तुम्हाला दत्तक हा शब्द एवढा आवडलाय म्हणून स्पष्टच बोलते. गणपतीच्या दहा दिवसांत तुम्ही जेवढं राबता ते बघून मला खरंच हेवा वाटतो, एवढी पोरं, रात्र-रात्र, कुणी हाक न मारता. आमच्याकडं जूनमध्ये पण लोक येतात, पाऊस पडलेला असतो, हवा छान, रोप लावलं की फोटो छान. ऑक्टोबरला येतात, मेथी महिन्याभरात हाताला लागते. जानेवारीत टोमॅटो असतो तेव्हा तर न बोलावता येतात. फेब्रुवारीनंतर एकेक गळतो. परीक्षा, लग्नं, गावची जत्रा, आणि मग एप्रिल-मे मध्ये नळाला पाणी एक दिवसाआड, ऊन मरणाचं, आणि परड्यात आजी आणि आमच्यातली दोन-तीन साठीच्या पुढची माणसं बादल्या उचलतात. थरांच्या वाफ्याला पाणी कमी लागतं हे खरं आहे, वर पाचट जाड असलं की आतली ओल टिकते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, दोन आठवडे दुर्लक्ष झालं की आतली सगळी जिवंत दुनिया थांबते आणि वाळवी तेवढी खूश होते.

तुम्ही पन्नासेक जण तरी आहात. एकेकाला उन्हाळ्यात फक्त दोन संध्याकाळी आल्या तरी मार्च ते मे आम्हाला कुणाला बादली उचलावी लागणार नाही. वर्गणीची पावतीपुस्तकं वाटून घेता तशी नावं वाटून घ्या, तुमच्याइतकं ते कुणाला जमत नाही. तारखा लिहून कागद आजींच्या दारावर चिकटवा. एवढं केलंत तर बाग आपोआप तुमची, दत्तकविधान करायची गरज नाही.

आणि तेवढं पाचोळा जाळायचं बंद करा. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला दर रविवारी ढीग पेटवता, रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी घातलीय, पण नियमाचं सोडा, तो आमचा कोरडा थर आहे. पोत्यात भरून गेटला टेकवून ठेवा, आम्ही उचलतो.

नव्या निम्म्या भागाचं काम अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला. मिरवणुकीनं पाय दुखत असतील, आवाज बसले असतील, चालेल, बागेत बोलायला लागत नाही. येताना एक कात्री, पिण्याच्या पाण्याची बाटली आणि घरातली साधी खोकी. दुपारी दोन ते चार आजी झोपतात, त्या वेळात आवाज नाही आणि मोबाईलवर गाणी तर अजिबात नाही. पिठलं-भाकरी आम्ही करतोय, मिरचीचा खर्डा परड्यातलाच.

तुमची,
मागच्या बोळातली काकू (आणि परड्यातले बाकीचे सगळे)

ता.क. शंखी गोगलगायींचं विसरले. पावसाळ्यात ओल्या पुठ्ठ्याखाली शेकड्यानं लपतात आणि एका रात्रीत कोबीची सगळी रोपं फस्त करतात. त्यावर उपाय म्हणजे गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याकडेला टाकायचं, सगळ्या त्यावर जमतात, मग हातात पिशवी घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात. तर मंडळाकडं जुनी गोणपाटं असतील तर ती पण पाठवा. ज्यांना किळस येत नाही अशी चार पोरं पण.